मिलोस बेटाभोवती खासगी बोटीने एक दिवस: पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीसला जाणारी आपली मंडळी मिलोससाठी बहुधा दोन रात्री राखून ठेवतात. भाड्याची गाडी घ्यायची, साराकिनिकोच्या पांढऱ्या खडकांवर फोटो काढायचे, एक संध्याकाळ प्लाका गावात सूर्यास्त बघायचा आणि तिसऱ्या दिवशी पुढच्या बेटाची फेरी पकडायची, असा बेत असतो. बेत वाईट नाही, पण त्यात बेटाची सगळ्यात देखणी बाजू राहून जाते. पश्चिम आणि नैऋत्य किनाऱ्याकडे गाडीचा धड रस्ता नाही. क्लेफ्तिकोचे सुळके आणि कमानी बघायच्या तर बोटीने जावं लागतं, नाहीतर उन्हातान्हात बरीच पायपीट करावी लागते. सिकियाची गुहाही समुद्राच्या बाजूनेच बघावी. त्यामुळे मिलोसला गेल्यावर एक अख्खा दिवस पाण्यावर काढाच, आणि घरची सहा-आठ माणसं बरोबर असतील तर बोट खासगी घ्या.

त्याआधी एक गोष्ट मनात पक्की करा. त्या दिवशी कुठे जायचं हे वारा ठरवतो. हे ज्याला पटलं त्याचा दिवस छान जातो. इन्स्टाग्रामवरचे चार फोटो घेऊन ‘आम्हाला हेच दाखवा’ म्हणून जो बोटीत चढतो, तो कप्तानाशी वाद घालत बसतो.

बेटाची रचना आधी समजून घ्या

नकाशा उघडा. मिलोस हे ज्वालामुखीतून तयार झालेलं बेट आहे आणि त्याच्या पोटात एक मोठा उपसागर खोलवर शिरला आहे. त्याचं तोंड वायव्येला आहे. या उपसागरात अदामास हे मुख्य बंदर आहे. अथेन्सच्या पिरेयस बंदरातून येणाऱ्या फेऱ्या इथेच लागतात आणि दिवसभराच्या बहुतेक बोटीही इथूनच सुटतात. ईशान्येच्या टोकाला पोलोनिया हे छोटं कोळ्यांचं गाव आहे. त्याच्या समोर किमोलोस बेट दिसतं आणि किमोलोसच्या आग्नेयेला पोलिएगोस. पोलिएगोसवर मनुष्यवस्ती नाही.

बोटीचे मार्ग ढोबळमानाने दोन. पहिला अदामासहून उपसागराबाहेर पडून डावीकडे वळतो आणि पश्चिम किनाऱ्याने सिकिया, मग क्लेफ्तिको आणि पुढे दक्षिणेचे किनारे घेतो. दुसरा ईशान्येला पोलोनिया, किमोलोस आणि पोलिएगोसकडे जातो. वेगवान बोट असली आणि समुद्र शांत असला तर अख्खी प्रदक्षिणाही होते. पण पहिल्यांदा जाणाऱ्याने प्रदक्षिणेचा हट्ट धरू नये असं माझं ठाम मत आहे. सगळा वेळ इंजिनाच्या आवाजात जातो आणि पाण्यात उतरायला वेळच उरत नाही.

वारा कसा वाचायचा

एजियन समुद्रात उन्हाळ्यात उत्तरेकडून मेल्तेमी नावाचा वारा वाहतो. त्याचा जोर जुलै-ऑगस्टमध्ये सर्वांत जास्त असतो आणि एकदा सुरू झाला की तो अनेक दिवस थांबत नाही. आपल्याकडे समुद्र खवळतो तेव्हा आभाळही भरून येतं आणि पावसाळ्यात मांडव्याच्या बोटी बंद झाल्या तर त्याचं कुणाला आश्चर्य वाटत नाही. मेल्तेमीचं तसं नाही. ऊन लख्ख, आभाळ निळंशार, ढगाचा पत्ता नाही, आणि तरी सकाळी फोन येतो की आज बोट सुटणार नाही. खिडकीतून बघून हवामान कळत नाही, ते आकड्यांत बघावं लागतं.

ग्रीक लोक वाऱ्याचा जोर बोफोरमध्ये सांगतात. 4 बोफोर म्हणजे 11 ते 16 नॉट (एक नॉट म्हणजे तासाला एक सागरी मैल), 5 म्हणजे 17 ते 21 आणि 6 म्हणजे 22 ते 27 नॉट. 3 पर्यंत मजा असते. 4 ला बोट डुलते, पण आडोशाच्या किनाऱ्यावर काही वाटत नाही. 5 ला ज्यांना बोट लागते त्यांचे हाल होतात. 6 च्या आसपास लहान बोटी बंदरातच राहतात. मोबाईलवर विंडीसारखं अ‍ॅप घेऊन चार-पाच दिवस आधीपासून बघत राहा. वाऱ्याच्या सरासरी वेगाबरोबर झोताचा वेगही बघा.

आता नकाशा पुन्हा डोळ्यांपुढे आणा. मेल्तेमी उत्तरेकडून येतो, म्हणजे बेटाचे डोंगर दक्षिण किनाऱ्याला आडोसा देतात. साराकिनिकोवर लाटा फुटत असतात तेव्हा क्लेफ्तिकोचं पाणी संथ असू शकतं. वारा दक्षिणेचा असेल तर उलट होतं: क्लेफ्तिको सोडायचं आणि उत्तरेचा किनारा धरायचा. कप्तान मार्ग बदलतो तो या हिशेबाने. त्याने टाळाटाळ चालवली आहे असं मनातही आणू नका. उत्तरेचा वारा फार असला तर काही जण उपसागरातून बाहेर न पडता प्रवाशांना गाडीने दक्षिण किनाऱ्यावर बोलावतात आणि तिथून बोट काढतात. तशी सोय आहे का, हे आधीच विचारून ठेवा.

यावरून मुक्काम कसा आखायचा तेही कळतं. मिलोसला निदान तीन रात्री ठेवा, चार असल्या तर उत्तम. बोट पहिल्याच पूर्ण दिवसाला ठरवा. वाऱ्याने तो दिवस घालवला तर पुढचे दिवस हाताशी राहतात. शेवटच्या दिवसावर ठेवलेली बोट रद्द झाली की काहीच करता येत नाही. हवामान आणि गर्दी दोन्ही बघता जूनचा पूर्वार्ध किंवा सप्टेंबर मला सगळ्यात बरा वाटतो. त्यातही सप्टेंबर, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा कोमट नसलं तरी सुखाचं असतं. मेमध्ये पाणी चांगलंच गार लागतं.

कोणती बोट

तुमच्यापुढे साधारण चार पर्याय येतील.

रबरी काठांची वेगवान बोट, जिला तिथे रिब म्हणतात: भरभर जाते, गुहांच्या जवळ शिरते, थोड्या वेळात जास्त ठिकाणं होतात. पण आपटते. पाठीचं, मणक्याचं दुखणं असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी हिच्या वाटेला जाऊ नये. लहान रिबवर सावली जेमतेम आणि शौचालय बहुधा नसतं. आईवडील बरोबर असतील तर हा मुद्दा सगळ्यात आधी विचारात घ्या.

कॅटामरान, म्हणजे जोड-सांगाड्याची शिडाची बोट: सावकाश जाते, पण डोलते कमी. सावली, शौचालय, स्वयंपाकाची जागा आणि पुढे पडून राहायला जाळी असते. तीन पिढ्यांचं कुटुंब असेल तर डोळे मिटून हीच घ्या. पैसे जास्त पडतात.

एका सांगाड्याची शिडाची बोट वाऱ्यावर कलते. ज्यांना खरं नौकानयन अनुभवायचं आहे त्यांना ती आवडते. जुन्या धाटणीच्या लाकडी बोटी दिसायला सुरेख असतात, वेगाची अपेक्षा मात्र ठेवू नका.

याशिवाय ग्रीसमध्ये 30 अश्वशक्तीपर्यंतच्या इंजिनाची लहान बोट परवान्याशिवाय स्वतः चालवायला भाड्याने मिळते. ज्याने आयुष्यात सुकाणू धरलेलं नाही, नांगर टाकलेला नाही, त्याने मिलोसला हा प्रयोग करू नये. अर्ध्या तासात वारा फिरतो, आणि पश्चिम किनाऱ्यावर कित्येक मैल बोट लावायला नीट जागा नाही. कप्तानासह बोट घ्या.

पैसे भरण्याआधी काय विचारायचं

खासगी बोटीचा दर माणशी नसतो, पूर्ण बोटीचा असतो. म्हणून दोघांना ती महाग पडते आणि आठ जणांत तीच परवडते. दोघंच असाल तर दहा-बारा जणांच्या लहान गटाची बोट बघा, त्यातही कमीपणा काही नाही.

दर कळला की लगेच हो म्हणू नका. त्यात इंधन धरलं आहे का? मार्ग लांबला तर वेगळे पैसे आहेत का? जेवण, पाणी, पोहण्याचे चष्मे, टॉवेल, कर, हॉटेलपासून ने-आण यातलं काय आत आणि काय बाहेर? वाऱ्यामुळे बोट रद्द झाली तर पैसे परत मिळतात की दुसरी तारीख? तुमच्याकडे दुसरी तारीख नसेल तर? हे सगळं फोनवर नको, ईमेलवर किंवा व्हॉट्सअ‍ॅपवर लेखी घ्या.

बोटीवर जास्तीत जास्त किती प्रवासी चालतात हा आकडा कागदोपत्री ठरलेला असतो आणि तान्हं बाळही त्यात मोजलं जातं. ‘एक छोटंसंच तर आहे, मांडीवर बसेल’ हे तिथे चालत नाही. मुलांची वयं आणि वजनं आधी कळवा म्हणजे त्यांच्या मापाची लाइफ जॅकेट ठेवली जातील. सगळ्यांची नावं आणि पासपोर्ट क्रमांकही आधी मागतात, तो तिथल्या कागदपत्रांचा भाग आहे, घाबरू नका.

भारतीय पासपोर्टवर जाणाऱ्यांना शेंगेन व्हिसा लागतो. अर्ज प्रवासाच्या 6 महिने आधीपासून करता येतो आणि मोठ्यांसाठी शुल्क 90 युरो आहे. त्यासाठी निदान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा घ्यावाच लागतो. तो घेताना बोटीवरचे आणि पाण्यातले अपघात त्यात येतात का, ते वाचून घ्या.

बरोबर काय न्यायचं

चाकाची बॅग बोटीवर नेऊ नका, मऊ कापडी पिशवी न्या. बोटीवर चढताना चपला-बूट काढून टोपलीत टाकायचे असतात आणि दिवसभर अनवाणी वावरायचं असतं. सनस्क्रीन निघण्याआधी खोलीवरच लावून घ्या. तेलकट हात-पाय घेऊन डेकवर चाललात तर डाग पडतात आणि दुसरा कुणीतरी घसरतो.

पोहण्याचे कपडे हा आपल्याकडच्या बायकांना अडचणीचा वाटणारा विषय. सुती सलवार किंवा टीशर्ट पाण्यात जड होतो, अंगाला गुंडाळतो आणि पोहताना हातपाय अडकतात. अंगभर घालायचा असेल तर लायक्राचा पूर्ण बाह्यांचा आणि पूर्ण पायांचा पोहण्याचा पोशाख इथूनच घेऊन जा. त्याने उन्हापासूनही बचाव होतो. पाण्याबाहेर आल्यावर वाऱ्यात गार लागतं, तेव्हा परतीसाठी कोरडे कपडे आणि एक पातळ जाकीट हवंच.

बोट लागत असेल तर गोळी मळमळायला लागल्यावर घेऊन उपयोग नाही. अ‍ॅव्होमिन किंवा डॉक्टर सांगतील ती गोळी निघण्याच्या तासभर तरी आधी घ्या. तिने झोप येते, हे पोहणाऱ्यांनी लक्षात ठेवावं. उपाशी पोटी बसू नका, तुडुंब जेवूनही बसू नका. आलेपाकाच्या वड्या जवळ ठेवा. बोटीच्या मधल्या-मागच्या भागात बसा, नजर दूर क्षितिजावर ठेवा आणि मोबाईल खाली ठेवा.

जेवणाचं आधी बोला

दिवसभराच्या बोटीवर जेवण बहुधा कप्तान किंवा त्याचा सहकारीच बनवतो. नुसतं ‘शाकाहारी’ म्हटलं तर कधी कधी मासे चालतात असा समज होतो. म्हणून मांस, मासे, कोळंबी, अंडं यातलं काय नको ते एकेक करून लिहा. ग्रीक ऑर्थोडॉक्स लोकांचे उपास बरेच असतात आणि उपासाच्या जेवणाला ते निस्तीसिमो म्हणतात. त्यात मांस, अंडी, दूध नसतं, पण ऑक्टोपस किंवा कोळंबी असू शकते, तेवढं स्पष्ट करा.

शाकाहाऱ्याचं ग्रीसमध्ये अडत नाही. टोमॅटो-काकडी-ऑलिव्हची कोशिंबीर, पिवळ्या डाळीचा फावा, टोमॅटोत शिजवलेले मोठे पांढरे वाल हे सगळीकडे मिळतं. किमोलोसची लादेनिया तर आवर्जून खा. जाड पोळीवर टोमॅटो, कांदा आणि भरपूर ऑलिव्ह तेल घालून भट्टीत भाजलेली असते, चीज नसतं. पोलोनियाहून निघणार असाल किंवा किमोलोसला उतरणार असाल तर तीच शिदोरी घ्या. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी मात्र दशम्या, चिवडा, दाण्याची चटणी घरून न्यावी. दुधाचे आणि मांसाचे पदार्थ भारतातून युरोपीय संघात नेता येत नाहीत, त्यामुळे पेढे-बर्फीच्या पेट्या घरीच राहू द्या.

प्रत्यक्ष दिवस

आडोशाला दक्षिण बाजू आहे असं धरून पश्चिमेचा मार्ग सांगतो.

अदामासहून निघाल्यावर उजव्या हाताला क्लिमा गाव लागतं. इथे कोळ्यांची घरं अगदी पाण्याला टेकून आहेत. खालच्या मजल्यावर हिवाळ्यात होडी ओढून ठेवण्याची खोली, वरती माणसांची वस्ती. खोल्यांची दारं लाल, निळी, हिरवी, पिवळी रंगवलेली. अशा खोल्यांना सिरमाता म्हणतात. हे गाव पाण्यावरूनच नीट दिसतं. वरच्या उतारावर प्राचीन नाट्यगृह आहे आणि त्याच परिसरात 1820 मध्ये एका शेतकऱ्याला जमिनीत तो संगमरवरी पुतळा सापडला, जो आज ‘मिलोसची व्हीनस’ म्हणून पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात उभा आहे.

उपसागराबाहेर पडलं की खरा समुद्र लागतो. हा टप्पा हलतो, तेव्हा उभं राहून फोटो काढत बसू नका. पश्चिम किनारा ओसाड आहे, खडकांचे रंग मात्र सतत बदलतात: काळे, गेरूसारखे तांबडे, राखाडी. या बेटाचा काळा काचदगड, ऑब्सिडियन, हत्यारांसाठी इतका नावाजलेला होता की ग्रीसच्या मुख्य भूमीवरच्या फ्रांख्थी गुहेत सुमारे 13,000 वर्षांपूर्वीच्या थरांतही तो सापडला. म्हणजे तेव्हाही माणसं या पाण्यातून ये-जा करत होती. तुम्ही कुशनवर बसून तोच समुद्र ओलांडता आहात, हे मुलांना जरूर सांगा.

सिकियाच्या गुहेचं छत कोसळलेलं आहे. त्या भोकातून सूर्य डोक्यावर आला की उजेड थेट आतल्या पाण्यावर पडतो. म्हणून शक्य असेल तर दुपारच्या सुमारास तिथे पोचायला सांगा. मोठी बोट बाहेर थांबते आणि छोट्या होडीतून किंवा पोहत आत जायचं असतं. लाटा असतील तर कप्तान नाही म्हणेल. तिथे ‘पाच मिनिटंच’ असा आग्रह करू नका, अरुंद तोंडात लाट माणसाला खडकावर फेकते.

आणि मग क्लेफ्तिको. पांढऱ्या ज्वालामुखी खडकांचे सुळके थेट पाण्यातून वर आले आहेत, त्यांना कमानी आणि बोगदे पडले आहेत. एकेकाळी चाचे इथे दडून बसत. इथे घाई करू नका, निदान दोन तास मागून घ्या. नांगर टाकण्याआधी कप्तान पुढे वाकून पाण्यात काय शोधतो ते बघा. पाणी फिकट निळं-हिरवं दिसतं तिथे खाली वाळू असते. गडद, जवळजवळ जांभळे डाग दिसतात तिथे पोसिडोनिया हे समुद्रगवत असतं. ते फक्त भूमध्य समुद्रात वाढतं, वाढतंही फार हळू, आणि माशांच्या पिल्लांचा आसरा तेच. नांगराची साखळी त्यावरून फरफटली तर जे उपटतं ते भरून यायला माणसाचं आयुष्य पुरत नाही. चांगला कप्तान वाळूचा तुकडा मिळेपर्यंत बोट फिरवत राहतो. त्याला वेळ घेऊ द्या.

सकाळी अकरानंतर इथे बोटींची गर्दी होते. खासगी बोटीचा खरा फायदा हाच, की तुम्ही लवकर निघून इतरांच्या आधी पोचू शकता किंवा सगळे गेल्यावर संध्याकाळी थांबू शकता. निघायची वेळ ठरवताना हे बोलून घ्या.

पुढे वेळ असेल तर दक्षिण किनाऱ्याने त्सिग्रादो आणि गेराकास करता येतं. त्सिग्रादोला जमिनीवरून उतरायचं तर कपारीतून दोरी आणि शिडी धरून जावं लागतं. बोटीने गेलात तर ती कसरत वाचते. ईशान्येचा मार्ग निवडला तर ग्लारोनिसिया या बेटांवरचे खडकाचे उभे खांब आणि पोलिएगोसचं पाणी बघायला मिळेल. पोलिएगोसच्या गुहांत भूमध्य समुद्रातले दुर्मीळ मंक सील राहतात. एखादा दिसलाच तर लांबून बघा, गुहेत शिरू नका आणि आवाज करू नका. आडोशाला पिल्लू असण्याची शक्यता असते.

पोहता येत नसेल तर

आपल्यातल्या पुष्कळांना पोहता येत नाही आणि त्यामुळे ते बोटीवर नुसते बसून राहतात. तसं करू नका. सकाळी चढल्या चढल्या कप्तानाला स्पष्ट सांगा की आमच्यातल्या अमुक जणांना पोहता येत नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, उलट हे लपवणं धोक्याचं आहे. लाइफ जॅकेट घालून, शिडी धरून, पाय आधी पाण्यात सोडून उतरा. मिठाच्या पाण्यात शरीर तरंगतं, हे दोन मिनिटांत कळतं आणि भीती निम्मी होते. उडी मारू नका. बोटीच्या मागे दोरीला बांधलेलं तरंगतं कडं टाकायला सांगा आणि त्याला धरून राहा. इंजिन पूर्ण बंद आहे याची खात्री झाल्याशिवाय कुणीही पाण्यात उतरू नये, पट्टीच्या पोहणाऱ्यानेसुद्धा. मुलं पाण्यात असताना एक मोठं माणूस फक्त त्यांच्याकडे बघत बसलं पाहिजे, हातात मोबाईल न घेता. आळीपाळीने करा.

संकटकाळी ग्रीक तटरक्षक दलाचा क्रमांक 108 आणि युरोपभर चालणारा 112. दोन्ही मोबाईलमध्ये घालून ठेवा.

परतल्यावर

बोट साधारण संध्याकाळी पाच-सहाला बंदरात येते, पण वारा उलटा लागला तर उशीर होतो. म्हणून त्याच संध्याकाळची फेरी किंवा अथेन्सचं विमान ठेवू नका. बक्षिसी सक्तीची नाही. माणसं आवडली, जेवण आवडलं, तर उतरताना कप्तानाच्या हातात रोख द्या आणि सहकारी वेगळा असेल तर त्यालाही द्या. कार्डावर दिलेले पैसे बहुधा त्याच्यापर्यंत पोचत नाहीत. साराकिनिको पाण्यावरून राहिलं असेल तर दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या आत गाडीने जा. तिथे सावली अजिबात नाही आणि दहानंतर पांढऱ्या खडकांवर डोळे उघडे ठेवणं कठीण होतं.